चौथ्या रांगेतली किंकाळी

२९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघे वाकत नाहीत. तेव्हा बसल्या जागेवरूनच घे. आज तुझा एकोणिसावा वाढदिवस. बाकीच्या बायकांना वय लपवावं लागतं, तुझं कॅलेंडरच लपवतं. शहात्तरची एकोणीस!

दर चार वर्षांनी मी चार पानं खरडायची आणि तू कार्डावर "पत्र पोचलं" एवढंच कळवायचं, असं आपलं चाललंय. असो.

इकडे ठीकच म्हणायचं. जिन्याच्या बावीस पायऱ्यांत दोनदा टेकावं लागतं. सून म्हणते, "आई, उतरताच कशाला?" म्हटलं, चढायला मिळावं म्हणून. पण खरं सांगू, थकले गं.

आनंदाची बातमी ही, की नात पुढच्या शुक्रवारी शाळेत भाषण करणार आहे, लीप वर्षावर. दिवसभर मला ऐकवते. वर्षाला चारने भाग गेला की लीप, पण शतकाचं वर्ष असेल तर चारशेने जायला हवा. म्हणून एकवीसशे साली एकोणतीस फेब्रुवारी नाहीच. मी म्हटलं, "अगंबाई, मोठ्या आजीचा वाढदिवस बुडाला की!" किती हसली पोर! तिसरी पास बाईची नात माईकसमोर बोलणार, ताई. मी शेजारणीला तीनदा सांगून झालंय.

पण घाबरलीय बिचारी. कुठल्याशा पुस्तकात वाचलं म्हणे, माणसं मरणापेक्षा भाषणाला जास्त भितात. मी विचारलं, "मेलेल्यांना विचारून लिहिलंय का?" मग तिचं मन रमवायला आपल्या भुताच्या नाटकाचं सांगितलं. तू पांढऱ्या झग्यात कपाटातून बाहेर यायचीस, आणि मी प्रेक्षक असल्यासारखी चौथ्या रांगेत बसून किंचाळायचे. भीती जांभईसारखी असते, एकीला आली की रांगेला येते. शिवाय स्टेजवर कुणी वाक्य विसरलं तरी मीच किंचाळायचं. ती खूण ऐकून दिवेवाला दिवे घालवायचा आणि अंधारात पडद्यामागून वाक्य सांगायचे.

नात म्हणाली, "मी अडकले तर तू किंचाळशील?"

"म्हणजे काय! कानठळ्या बसवीन."

"तेव्हा दरवेळी किंचाळायचीस?"

मी गॅस बघायला उठले. गॅस बंदच होता.

ताई, त्या दुपारच्या खेळाला तू कपाटातून आलीस आणि तुझी दातखीळ बसली. तू माझ्याकडे बघितलंस. चौथी रांग, कडेची खुर्ची. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तू पुन्हा कधी स्टेजवर चढली नाहीस. जन्मभर दुकानात बटणं विकलीस. घरी मी सांगितलं, घसा बसला होता. आईने मला हळदीचं दूधसुद्धा दिलं. मी ते प्यायले.

घसा बसला नव्हता, ताई.

सगळे तुझ्या नावाने टाळ्या वाजवायचे. मी इतकं ओरडायचे, पण खेळ संपल्यावर मला कुणी ओळखायचं नाही. म्हटलं, एकदा पडू दे हिला. एकदाच. माझं वय सोळा, पण ती सबब नाही. तू वळून आत जाईपर्यंत मी ओठ मिटून बसले होते, आणि मग खरंच किंचाळावंसं वाटलं, तर काही उपयोग नव्हता.

तू तेव्हा एकोणीसची होतीस. आज पुन्हा एकोणीसची झालीस. पुढच्या एकोणतीस फेब्रुवारीपर्यंत माझा भरवसा नाही, म्हणून आजच लिहिलं. नातीला हे पत्र दाखवलेलं नाही.

भाषण सकाळी दहाला आहे. चौथ्या रांगेत दोन खुर्च्या धरते. कडेची तुझी. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण पोर अडकली, तर आपल्या दोघींपैकी एकीने तरी ओरडायला हवं, आणि माझ्यावर विश्वास टाकायला मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी,
त्या दुपारी गप्प बसलेली
धाकटी