बाराचा फोन

८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू 'बघू' म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागदावर लिहितेय. हेडमास्तर झालास आणि पहिली कुऱ्हाड पोरांच्या मोबाइलवर घातलीस. चांगलंच केलंस, कार्टी आता मान वर करून बोलतील तरी.

पण भाचीला पाच मिनिटांची सवलत दे. यांना आकडी येते, तुला ठाऊक आहे. मी इकडे परगावी हॉस्पिटलच्या ड्युटीवर, हे घरी शिलाई मशीनवर एकटे. बाराच्या सुट्टीत ठकी फोन करते, हे 'जिवंत आहे गं, अभ्यास कर' म्हणून खेकसतात. उचलला नाही तर ती शेजारच्या काकूंना कळवते. किल्ली त्यांच्याकडे असते. मार्चमध्ये असाच जीव वाचला.

मात्र कुणाकडे बोलू नकोस. तुमच्या शाळेचे गणवेश हेच शिवतात. आकडीचं कळलं तर मापाला कुणी पोर पाठवणार नाही. ठकीलाही तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय.

वहिनीला नमस्कार. धाकटीवर माया असू दे.

तुझी धाकटी


१३ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

काळजी कळली. पण ठकीला सूट दिली तर पालक म्हणतील, मामाच्या राज्यात भाचीची चंगळ. नियम सगळ्यांना सारखा. मोबाइल सकाळी कपाटात, शाळा सुटताना हातात. अडचण असेल तर ऑफिसात फोन आहे. क्लार्कच्या वहीत कारण लिहायचं, योग्य वाटलं तर तो लावून देतो. ठकीला तसं सांगितलंय. शाळेत मला मामा म्हणायचं नाही, हेही सांगितलंय. तुझं गुपित माझ्यापाशीच आहे, क्लार्कलाही बोललो नाही.

शाळा काय शांत झालीये म्हणून सांगू. पोरं सुट्टीत चक्क पळापळी खेळतात. मेहुण्यांना सांग, माझी पँट कमरेत सैल करायची आहे. खुर्ची मिळाली आणि पोट सुटलं.

आमचा जीव तुमच्यात आहेच, तुमचाही राहू दे.

दादा


५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. मेहुण्यांना जाऊन आज बारा दिवस झाले. मशीनच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं; दोनपर्यंत कुणी पोचलं असतं तर निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ठकी घरी पोचली पाचला.

'त्या दिवशी फोन का नाही केलास,' असं तू तिला सगळ्यांदेखत विचारलंस. काल मी ऑफिसातली वही काढली. ती रोज बाराला तिथे जात होती. कारण लिहिलंय, 'वही विसरले'. दुसऱ्या दिवशी 'कंपास विसरले'. मग 'छत्री', मग 'डबा', मग पुन्हा 'वही'. प्रत्येकापुढे क्लार्कचा शेरा, 'कारण अयोग्य'. त्याला कसा बोल लावू, त्याला काही माहीतच नव्हतं. पानाखाली रोजची सही माझी आहे. मी न वाचता करत होतो.

तिला जाब विचारू नकोस. ती आपल्या दोघांचं ऐकत होती. मला काय म्हणायचं ते म्हण, पण दोन ओळी लिही.

दादा


१९ ऑगस्ट

दादास,

वहीचं ठकीला विचारलं. रात्री मी 'फोन झाला का' म्हणून विचारायचे, ती 'हो' म्हणायची. आई नोकरी सोडून धावत येईल, ही तिला भीती. एकदा तुझ्या दाराशीही आली होती. तू आत पालकांना नियम समजावत होतास. तिने 'सर' म्हणून हाक मारली, तू हातानेच थांब म्हणालास. घंटा झाली तशी ती वर्गात गेली.

तू कपाटाला कुलूप घातलंस, मी तिच्या तोंडाला. तुला एकट्याला दोष देऊन माझी सुटका नाही. हे मला रोज पहाटे आठवतं आणि मग झोप येत नाही.

नोकरी सोडली. बेतलेले तीस गणवेश पडून आहेत, शिपायाला पाठवून ने. ठकी शाळेत जात नाही. मोबाइल आता दिवसभर तिच्या हातात असतो, कुणी काढून घेत नाही. बारा वाजले की ती यांचा नंबर लावते. यांचा फोन मशीनवरच आहे, तो वाजत राहतो. मी तो रोज रात्री चार्ज करून ठेवते.

माया असू दे, असं या वेळी लिहवत नाही.

धाकटी