मोहिद्दीननं वाचून दाखवलेली पत्रं

दुबई, ९ मार्च १९६४

प्रिय मोहिद्दीन,

शारजाला गेल्यापासून तू खोलीवर आला नाहीस. बरंच झालं. समोर असतास तर मला हे बोलता आलं नसतं.

माझं वाचायचं यंत्र तयार झालं. हे पत्रही त्याच्याखाली धरूनच लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल. तू हसायचास, "याकूब, डोळ्यांत फूल पडलेला सुतार तू, काय वाचणार?" भंगारातल्या दुर्बिणीचं भिंग मिळालं, पण हातात धरलं की हलायचं, ओळ सुटायची. मग गलबताच्या उरलेल्या लाकडाची घोडी केली, भिंग वर पक्कं बसवलं, खाली खाच ठेवली. कागद खाचेतून सरकवला की एका वेळी एकच ओळ दिसते, ठळक, मोठ्ठी. म्हाताऱ्या कमरुद्दीनचाचांनाही एक करून दिलं. सहा वर्षांनी स्वतः कुराण वाचलं, तर त्यांना रडू आवरेना.

मी मात्र सगळ्यात आधी साजिदाची जुनी पत्रं काढली. बायकोचे शब्द एकदा आपणच वाचावेत, एवढीच हौस. तू वाचून दाखवलेलं सगळं मला पाठ होतं. कागदावर निराळंच होतं. "अम्मांनी अंथरूण धरलंय, रोज तुमचं नाव घेतात, मिळेल त्या बोटीनं या." एकदा नव्हे, तीन पत्रांत. तू वाचलं होतंस, "अम्मा खुशाल आहेत, आंब्याला मोहोर चांगला आलाय." आणि अम्मा गेल्याचं पत्र आलं तेव्हा "एकाएकी गेली रे" म्हणत माझ्या गळ्यात पडून रडलास. गलबत बांधायचं काम आपण दोघांनी अंगावर घेतलं होतं. मी गेलो असतो तर ते तुझ्याही हातून गेलं असतं, एवढं मला कळतं. पण माझी उत्तरंही तूच लिहायचास. त्यांत तिच्या दुखण्याची साधी विचारपूस नाही. मुलाला आपली फिकीर नाही, असं समजून अम्मा गेली. साजिदा दोन ओळींपलीकडे का लिहीत नाही, तेही आता उमगलं.

तुझं नावही काढायचं नाही, असं ठरवलं होतं. पण काल साजिदाचं पत्र आलं. तुझ्या वडिलांना अर्धांगवायू झालाय. वाचा गेलीय, दारात पाऊल वाजलं की मान वळवून बघतात. तुझा नवा पत्ता घरी कुणाकडे नाही, म्हणून निरोप माझ्याकडे. आहे तसा कळवतोय. मुंबईची बोट शुक्रवारी आहे. जा.

एके काळी तुझाच असलेला,
याकूब