मायची पात

केदारखेडा, ५ ऑगस्ट ७४
भोकरदनच्या वाचनालयातून वर्गासाठी मुलांची कादंबरी आणली. ग्रीक देवांच्या कथांवरून रचलेली. इओना नावाची पोर, भावाला सोडवायला पाताळात उतरते. वर्गासाठी म्हणून आणली आणि चाळीस पानं मीच अधाशासारखी वाचली. भाकरी थापता थापता माय म्हणाली, "मोठ्यानं वाच की. एकटीच काय हसून राह्यली?"

७ ऑगस्ट
पाताळाच्या दारात तीन तोंडांचा कुत्रा आला. इओना त्याला भाकर टाकून आत जाते. मायचा प्रश्न: "भाकर तिन्ही तोंडांला टाकावी लागती का एकालाच?" पुस्तकात उत्तर नाही. लेखकाला सुचलंच नाही!

१० ऑगस्ट, शनि.
अर्धी शाळा. मायचा डबा घेऊन पाटलांच्या शेतावर. कपाशीची खुरपणी. आम्हा बौद्धांच्या बायांची पात, म्हणजे खुरपत जायची ओळ, कायम कडेची. कुणी सांगत नाही, सगळ्यांना माहीत. आज माय मधोमध! पाटलीणबाईंनीच बसवली, म्हणाल्या, "कडंला बसली तं गोष्ट आयकू येत न्हाई."
अक्षर न ओळखणारी माझी माय इओनाला नावेतून नेत होती. पाताळातल्या नदीची आमची पूर्णा झालेली, इओनाच्या पदरात भाकर. फार अभिमान वाटला. बांधावरच बसून राहिले.
पाणी मात्र मायला अजून वरूनच, ओंजळीत.

१४ ऑगस्ट
कादंबरी संपली. इओना भावाला घेऊन वर येते. मी रडले. माय नाही. "येवढ्यात आली वर?"

१७ ऑगस्ट, शनि.
शेतावर. इओना अजून पाताळातच! एक म्हातारी विहीर राखतेय. ही पुस्तकात नाहीच. मी मास्तरीण, राहवेना. "माय, ती तर..." तिनं डोळे वटारले.
वाटेत म्हणाली, "तुझं पुस्तक सरलं. माझी खुरपणी न्हाई सरली."
तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गोष्ट संपली की पात पुन्हा कडेला.

१९ ऑगस्ट
संध्याकाळी मायनं आजची शेतावरची हकिकत सांगितली. गोष्टीतली म्हातारी म्हणते, लांबून ओंजळ धर. इओना म्हणते, तांब्या हातात दे. एवढं झालं आणि पाटलीणबाई पाणी घेऊन आल्या.
"मग?" मी विचारलं.
"म्या म्हणलं, तहान न्हाई. तशीच खुरपत राह्यले दिसभर."
"त्यांनी काय केलं?"
"तांब्या घिऊन उभ्या राह्यल्या जरा."
उद्या खुरपणीचा शेवटचा दिवस. रजा टाकावी का?
भाकरी खाताना विचारलंच, म्हातारी तांब्या देते का गं?
"मला काय ठाऊक," माय म्हणाली. "बाया बी तेच इचारून राह्यल्या."