दसऱ्यानंतरची सेफ्टीपिन

मी, तात्यासाहेब भानुदास औताडे, वय बहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर, शांत डोक्याने आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे : माझी साखर थोडी वाढलेली आहे आणि उजवा गुडघा माझे ऐकत नाही, परंतु मृत्युपत्र गुडघ्याने लिहायचे नसते. डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. चिरंजीव गोकुळ याने दबाव आणून पाहिला, त्याचा उल्लेख ओघाने येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गारखेड्यातील राहते घर माझी पत्नी वच्छलाबाई हिला तहहयात राहील. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि ‘आई, तू आता पुण्याला चल’ असे म्हणून त्याला कुलूपही लावू नये. तिला जायचे असेल तेव्हा ती स्वतःच पिशवी भरेल. तिच्या पश्चात घर गोकुळ आणि कन्या मंजुषा यांना निम्मे निम्मे. बँकेतील ठेवी पूर्णपणे वच्छलाबाईच्या. त्यांचे काय केले, हे तिला कोणी विचारू नये.

कलम २. गावाकडील जमीन गोकुळला. बांधावरची चिंच मात्र माझी थोरली बहीण मालनबाई हिला. या चिंचेवरून ती आमच्या वडिलांच्या काळापासून भांडत आली आहे. झाड तिच्या नावावर झाल्याने भांडायला विषय उरणार नाही, याची मला कल्पना आहे. तिने दुसरा शोधावा.

कलम ३. माझी बुलेट मोटारसायकल, सन १९७४ची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली, दोन्ही बाजूंना सामानाच्या पत्र्याच्या पेट्या आणि पुढे काच बसवलेली, ही सर्व हत्यारांसह मंजुषा हिला द्यावी. गोकुळच्या माहितीतले कोणी हॉटेलवाले जुन्या गाड्या दारात शोभेला उभ्या करतात. त्याने मला तीनदा विचारले. गोकुळ, तू गुणी मुलगा आहेस, पण चालती गाडी कुंडीशेजारी उभी करायची हे मला पटत नाही. मंजुषा शाळेत गणित शिकवते आणि उलट्या बाजूचा गिअर तिला एका सकाळीत जमला. गाडी तिचीच.

ही गाडी घरात कशी आली, ते लिहिल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी दौलताबादच्या एका पेरूच्या बागेत, पत्र्याच्या शेडखाली, ती मला दिसली. मूळ मालक तिच्यावरून नेपाळपर्यंत जाऊन आलेले. ते आजारपणात वारले आणि गाडी घरच्यांनी विकायला काढली. जुनी गाडी घेताना मी सोडून सगळे शहाणे असतात. तरी मी जमेल तेवढे पाहिले : तेल गळते का, धूर निळा येतो का, चासी नंबर कागदाशी जुळतो का. बागेच्या रस्त्यावर चालवून पाहिली. घड्याळासारखी चालली. नव्या वस्तूला मुहूर्त हवा म्हणून दसऱ्याला घरी आणली.

फाटकातच वच्छलाबाईने पूजा केली. हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचा मोठा टिळा पेट्रोलच्या टोपणावर लावला. “टाकी म्हणजे गाडीचं कपाळ,” असे तिचे म्हणणे. मग आम्ही दोघे घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालो. दौलताबादच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली गाडी बंद पडली. किका मारून माझा पाय भरून आला. बऱ्याच वेळाने ती आपली आपण सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि पुन्हा थांबली. देव तसेच राहिले आणि आम्ही घरी आलो.

दारात मालनबाई उभी होती. आमचे लग्न झाले त्या वर्षी आमचे वडील गेले, तेव्हापासून तिने वच्छलाबाईला पांढऱ्या पायाची ठरवलेले. त्या दिवशी ती म्हणाली, “तात्या, मेलेल्या माणसाची गाडी आणलीस व्हय? एक पांढऱ्या पायाची घरात व्हतीच, आता ही दुसरी.”

वच्छलाबाई हातातले ताट खाली न ठेवता म्हणाली, “अक्का, मला काय बोलायचं ते बोला. गाडीची पूजा मी केलीय. तिला कायबी व्हायचं नाय.”

पुढे वर्षभर गाडी बंद पडत राहिली आणि हे वाक्य घरात लोंबकळत राहिले. दर सणाला अक्का विचारायची, “मग, पूजेची गाडी कुठवर गेली?” त्याला उत्तर म्हणून दर शुक्रवारी वच्छलाबाईचा टिळ्यावर नवा टिळा चढायचा. मला बायकोचा अभिमानही वाटायचा आणि तिच्याकडे बघवायचेही नाही.

गुलमंडीच्या मागचे हमीदमिस्त्री यांनी प्लग बदलला, पॉइंट घासले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. त्यांच्या गल्लीतल्या फेरीत गाडी कधी बंद पडायची नाही. शेवटी ते हात पुसत म्हणाले, “साब, गाडी में कुछ बी नै. तुम्हारेच नसीब में है तो मैं क्या करूँ?” मला एवढेच लक्षात आले होते की पेट्रोल भरून निघालो की काही अंतर ती बरी चालते. म्हणून पेट्रोललाच दोष देऊन मी पेट्रोल पंप बदलत राहिलो. बुद्धी एकदा गहाण पडली की सोडवायला वेळ लागतो.

एकदा त्याच कडुनिंबाखाली मी एकटाच अडकलो असताना, पेट्रोल किती उरले ते पाहायला टोपण उघडले. ‘फस्स’ असा आवाज झाला. किक मारली, गाडी सुरू. टोपण हातात घेऊन पाहिले. त्याला वरून एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरते तशी त्या भोकातून हवा आत जाते. ते बुजले की पेट्रोल उतरत नाही आणि इंजिन उपाशी बंद पडते. आमच्या टोपणाच्या भोकात हळदकुंकू सिमेंटासारखे घट्ट बसले होते.

मी काडीने भोक मोकळे केले आणि घरी येऊन चकार शब्द काढला नाही. त्यानंतर ती गाडी घृष्णेश्वराला गेली, पैठणला गेली, हंपीला गेली, रामेश्वरला जाऊन आली, आणि मागे वच्छलाबाई बसलेली. रामेश्वरचे तीर्थ घेऊन आलो तेव्हा मालनबाईने ते डोळ्यांना लावले आणि म्हणाली, “वच्छले, तुझ्या हाताला गुण हाय बाई.” लग्नानंतर एवढ्या वर्षांत अक्काच्या तोंडून तिला मिळालेला हा पहिला बरा शब्द. वच्छलाबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली, ते मी पाहिले आहे.

कलम ४. (हे कलम वच्छलाबाई समोर असताना वाचू नये. तिला चहा करायला पाठवावे. ती जाणार नाही, तरी प्रयत्न करावा.) गाडी नीट चालू लागल्यावर वच्छलाबाईने शुक्रवारचे टिळे थांबवले, पण दर दसऱ्याला टोपणावर टिळा लावतेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती अंघोळीला गेली की, मी तिच्या आरशापुढच्या डबीतली एक सेफ्टीपिन घेतो, भोक मोकळे करतो आणि पिन परत ठेवतो. माझ्या पश्चात हे काम मंजुषाने करावे. आईला टिळा दुसरीकडे लाव असे सांगू नये. कारण विचारेल, आणि कारण कळले की अक्काने दिलेला तो एक शब्द तिच्या हातून जाईल. माझ्या सगळ्या मिळकतीत मला जपायचे आहे ते एवढेच. घर पडले तरी चालेल.

कलम ५. माझ्या दिवसांवर फार खर्च करू नये. जेवणात वांगी करू नयेत. मी आयुष्यभर ती गुपचूप खाल्ली, आता नाही.

पुरवणी कलम. वरील मसुदा मी जेवणाच्या टेबलावर ठेवून औषधे आणायला गेलो. ही माझी चूक. घरात आलेला कागद, मग तो किराण्याची पुडी का असेना, वच्छलाबाई वाचल्याशिवाय सोडत नाही. परत आलो तेव्हा ती चष्मा लावून कलम चारवर बोट ठेवून बसली होती.

“मला ठाऊक नव्हतं व्हय हे?” ती म्हणाली. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबीतली एक पिन लाल टोकाची असती. पुसून तरी ठेवायची.”

“कधीपासून ठाऊक आहे?”

“पहिल्याच वर्षी टोपण बघितलं की. टिळा जिथल्या तिथं, आन् भोक तेवढं मोकळं.”

“मग दरवर्षी भोकावरच का लावत राहिलीस?”

तिने चष्मा काढून पदराने पुसला. “तुम्ही कधी गजरा आणला नाय, की कधी बरं बोलला नाय. वर्षातून एक डाव माझ्यासाठी चोरपावलांनी उठायचात. मी भोक सोडून टिळा लावला असता, तर ते बी बंद पडलं असतं.”

मी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. वांग्यांबद्दलही ती काही म्हणाली, ते इथे लिहीत नाही.

सबब, कलम ४ मधील गुप्तता वच्छलाबाईपुरती रद्द समजावी. मालनबाईपुरती ती कायम राहील, हे आम्हा दोघांचे एकमताने ठरले. बाकी कामात बदल नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंजुषाने आईकडे पिन मागू नये. ती अंघोळीला गेल्यावर डबीतून गुपचूप घ्यावी, आणि न पुसता परत ठेवावी.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे, आणि माझ्या हाताचे.

(सही) तात्यासाहेब भानुदास औताडे

साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही झाली. मजकूर साक्षीदारांनी वाचण्याची गरज नसते. हमीदमिस्त्रींनी तर मुळीच वाचू नये.

साक्षीदार :
१. (सही) संघपाल साहेबराव खरात, शेजारी, गारखेडा
२. (सही) हमीदखान मिस्त्री, गुलमंडी

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५