साडेसहाचा आकडा

१ डिसेंबर २०२५, सोमवार
आरोग्य केंद्राच्या हेमाली सिस्टरांनी हवा मोजायचं मशीन आणि एक रजिस्टर माझ्या ताब्यात दिलं. हवेत धूळ-धूर वाढला की हार्ट अटॅक वाढतात का, हे शोधायचंय. रोज साडेसहाला आकडा लिहायचा आणि आळीत कुणाच्या छातीत दुखतंय का विचारायचं. एसटीच्या मुरुड डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होतो, एक नोंद चुकली नाही. योग्य माणूस निवडला. मशीन न्हाणीबाहेरच्या पडवीत लावलं. खिळा आयता होता.

२ डिसेंबर, स. ६.३०
३१२! रेवदंड्यात! समुद्र हाकेच्या अंतरावर असून! कारण उघड आहे, शेजारच्या परेशचे डंपर. सतरा जणांना विचारलं. कुणाच्याच छातीत दुखत नाही. लपवत असणार.

३ डिसेंबर
२९८. कलेक्टरांना अर्ज लिहायला घेतला. जयमाला माझ्या आंघोळीचं पाणी काढताना जबडा ठणकतो म्हणाली. दातांच्या डॉक्टरला दाखव म्हटलं. बायकोला कोण समजावणार, रजिस्टरात जबड्याचा रकाना नाही.

५ डिसेंबर
३३०. परेशला जाब विचारला. म्हणतो, काका, माजा येकबी डंपर नवाच्या आधी हलतच न्हाय. चोराच्या उलट्या बोंबा. घरी येऊन नाडी मोजली, ९६. पुन्हा मोजली, १०२. उद्यापासून बीचवर रोज चार किलोमीटर.

६ डिसेंबर
विहारात वंदना. नंतर मंडळींना हवेवर वीस मिनिटं सांगितलं. चालणं त्यामुळे राहिलं. सिस्टर भेटल्या, मशीन नेमकं कुठे लावलंय विचारत होत्या. कंट्रोलरला जागा शिकवतात!

८ डिसेंबर
३४१. जयमालाची पाठ भरून आलीय, घामही फार येतो. पाणी गॅसवर तापवू का विचारत होती. अजिबात नाही. नारळाच्या सोडणांवर तापलेल्या पाण्याने अंग मोकळं होतं, गॅसच्या पाण्यात दम नाही. ती फुंकणी घेऊन चुलीपाशी बसली. मी अर्जाचं तिसरं पान संपवलं. चालायला उद्यापासून.

९ डिसेंबर, अलिबाग
जयमाला चुलीपाशी बसली ती उठेना. परेशने त्याच्या गाडीतून आणलं. हार्ट अटॅक. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी सांगितलं, काहीच नव्हता. तिला ऑक्सिजनच्या मास्कमधून बोलता येईना, तिने सात बोटं दाखवली.

११ डिसेंबर, स. ६.३०
कपडे न्यायला घरी आलो. आकडा ४४!! अर्ज पाठवायच्या आधीच परेश घाबरला. ठळक अक्षरात नोंद केली. सिस्टरांना फोन लावला. गार पाण्याने आंघोळ.

१२ डिसेंबर
४१. सिस्टर स्वतः आल्या. म्हणाल्या, परेशचे डंपर रोज चालू आहेत, जयमालाताईंना डबा देऊन मगच तो कामावर जातो. मग मशीनकडे बघितलं. मशीनखालच्या चुलीकडे बघितलं. चुलीत तीन दिवसांची गार राख.

मी खालीच बसलो. फार लाज वाटली. भीती त्याहून जास्त, ती गेली असती तर?

सिस्टर ओरडल्या नाहीत. पहिला रुग्ण मिळालाय, नोंद करा म्हणाल्या. नाव लिहिलं. वय लिहायला तिला फोन करावा लागला. शेवटचा रकाना, रुग्ण आणि मशीन यांतलं अंतर. चुलीपासून मशीनच्या खिळ्यापर्यंत हाताने मोजलं. मग लिहिलं, दोन हात.