घर दाखवलं त्या दिवशी

पिंपळगाव राजा
११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा पत्ता सबीहाचाचींच्या जहांआराकडून घेतला. ती माहेरी आली होती. नंबर मात्र तिनं दिला नाही, तुला विचारल्याशिवाय देणार नाही म्हणाली, आणि ते बरोबरच आहे. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, बाबा आहेत अजून. आणखी एक आधीच सांगून टाकतो. आपलं घर विकतो आहे, पण हे पत्र सहीसाठी नाही. आईनं हयातीतच घर माझ्या नावावर करून ठेवलं होतं, त्यामुळे माझ्या एकट्याच्या सहीनं भागतं.

बाबांना आता काहीच दिसत नाही. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. घरात ते भिंतीला हात न लावता फिरतात, कारण वीट न् वीट त्यांनीच रचलेली. पण मी कामावर गेलो की दिवसभर एकटे असतात. दिवाळीनंतर त्यांनी चहासाठी गॅसचं बटण फिरवलं आणि काडेपेटी सापडेना, तर बटण तसंच ठेवून शोधत राहिले. शेजारच्या सबीहाचाचींना वास आला म्हणून निभावलं. मला संभाजीनगरला एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं आहे, दोन मार्चला हजर व्हायचं. माझ्या वर्गातला गोविंदा तिथंच राहतो, त्याची बायको दिवसा घरी असते, ती बाबांकडे पाहीन म्हणाली आहे. मी तीन वेळा बाबांजवळ विषय काढला. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मी नाई येत. मांगून कोणी आलं तं त्याले कुलूप दिसन." कोणी म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तरीही मी दलालाला बोलावलं. कडूबा त्याचं नाव. घर पाहून तो आधी हसला. "घर दाखवाचं म्हणजे पोरगी दाखवल्यासारखं अस्ते बे. एवढ्या गोळ्या-औषधी पाहून गिऱ्हाईक दारातूनच वापस जाईन." त्यानं सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवलं आणि रोज कामावरून आल्यावर एकेक करत गेलो. अंगणात जळणासाठी रचलेली पऱ्हाटी हलवली. न्हाणीतली फुटकी फरशी बदलली. बिजागऱ्यांना तेल दिलं. औषधं डब्यात भरून वर ठेवली. उंबऱ्याजवळची बाबांची खाट मागच्या खोलीत नेली, तर बाबा सवयीनं जुन्या जागी बसायला गेले आणि खाली पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी खाट परत आणली आणि वहीतली ती ओळ खोडली.

मग रंग काढला. पहिला हात मारत होतो आणि बाबा वासावरून आले. "काऊन रंग देऊन राह्यला बे? दिवाळी नाई, लगन नाई." मी ब्रश मारत राहिलो. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अनू येऊन राह्यली का?" ताई, मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तोंडाला रुमाल बांधलेला होता. मी नुसता हुंकार दिला, आणि बाबांनी तो होकार धरला.

त्या दिवसापासून ते माझे मुकादम झाले. पश्चिमेच्या भिंतीची ओल पुट्टी भरून झाकायची, असं कडूबानं सांगितलं होतं. मी भरली, वरून दोन हात मारले, पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. बाबांनी तळहात फिरवला आणि नेमक्या जागी नख लावलं. "हे कोणाले फसवून राह्यला? घरच्याच माणसाले?" दाराला बदामी रंग द्यायचा होता, गिऱ्हाइकांना तो चालतो म्हणे. बाबा म्हणाले, दार हिरवंच पाहिजे, तिले हिरवं आवडते. मी दुकानात जाऊन डबा बदलून आणला.

रविवारी कडूबा गिऱ्हाईक घेऊन आला. एसटीत वाहक असलेला सहदेव आणि त्याची बायको रुख्मिणी, तुझ्याच वयाची असेल. त्या वेळी बाबांना सबीहाचाचींकडे बसवायचं ठरलं होतं, पण ही माणसं तासभर आधीच आली. बाबा खाटेवर होते. बांगड्या वाजल्या तसे ते उठून उभे राहिले. "आली का बेटा?" ती म्हणाली, "आली नं बाबा." आपल्याकडे कोणाचीही लेक म्हाताऱ्या माणसाला असंच उत्तर देईल, तिची काही चूक नाही. बाबांनी चाचपून तिचं मनगट धरलं आणि तिला घर दाखवायला निघाले. आई भाकरी करायला कुठं बसायची, उन्हाळ्यात वारा कोणत्या खिडकीतून येतो, कोणती पायरी जरा उंच झाली आहे. पश्चिमेच्या भिंतीशी थांबून म्हणाले, "इथं ओल हाये. पोट्ट्यानं झाकली, पण हाये. कपाट इथं ठेवू नको." कडूबानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. सहदेव मला बाजूला घेऊन म्हणाला, "सात घरं पाह्यली भाऊ, ओल कोणीच दाखवली नाई. घेतलं आम्ही." इतके दिवस मी जे झाकत होतो, त्याच्यामुळेच घर विकलं गेलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. मागच्या खोलीत बाबा तिच्याशी बोलले, मी दारात होतो. त्यांचे शब्द असे होते. "तुही माय गेली त्या वक्ती हर्षल तुले फोन लावून राह्यला होता, म्या त्याच्या हातून फोन काढून घेतला. तुले तिचं तोंड पाहू देलं नाई. मी चुकलो, अनू. मले माफ कर. हे दार तुले बंद नाई." रुख्मिणीला काही ठाऊक नव्हतं, तरी तिनं हात सोडवून घेतला नाही. उभ्या उभ्या रडत होती. जाताना तिनं मला विचारलं, अनू कोण, आणि मी सांगितलं. तेव्हाही मी बाबांकडे जाऊन खरं बोलू शकलो असतो, नाही बोललो. आता ते शांत आहेत. सबीहाचाचींना रोज सांगतात की अनू येऊन गेली. मला म्हणाले, "किल्ली अनूपाशी ठेव आन् मले ने, कुठी नेतं ते." घर विकल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेवीस तारखेला खामगावला रजिस्ट्री आहे, त्याच दिवशी किल्ली रुख्मिणीच्या हातात जाईल. ते शब्द तुझे होते, म्हणून जसे ऐकले तसे पाठवतो आहे. तू आलीस तर त्या दिवशी आली ती कोण, हे बाबांना कसं सांगायचं, मला सुचत नाही. नाही आलीस तर मला काहीच सांगावं लागणार नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. तेवीसपर्यंत घर आपलं आहे. दार हिरवं आहे, बाबा ते दिवसभर लावू देत नाहीत.

तुझाच,
हर्षल