एका पायात बूट

रविवार, दुपार

प्रिय दादा,

उजवा बूट घालून झाला, नाडी बांधून झाली, आणि डावा हातात घेतला तेवढ्यात अप्पा आडवे झाले. तसेच, एका पायात बूट. तो पाय पलंगाबाहेर ठेवलाय, चादर मळू नये म्हणून. एवढी शिस्त अजून शिल्लक आहे. मी डावा बूट खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन हे पत्र लिहायला बसले.

तू बरा असशील. मी बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं. फोनवर तू "ठीक" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, मग दोघंही हवेबद्दल बोलतो आणि ठेवतो. म्हणून पत्र.

शाळेच्या मैदानाला नवं कुंपण घातलंय, हिरव्या जाळीचं. धावण्याचा मार्गही नव्याने आखलाय. अप्पांच्या खोलीतून तो पूर्वीसारखाच पूर्ण दिसतो, पण पडदा बंद असतो. परवा शेजारच्या शिंपीणबाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "काय गं, खेळाचे मास्तर दिसत नाहीत हल्ली? आमच्या पोराला उठाबशा काढायला लावून लावून रडवलं, आणि आता स्वतः रजेवर?" मी म्हटलं, "जरा पाय दुखतायत." त्या म्हणाल्या, "पाय? त्यांचे?" आणि हसल्या. मीही हसले.

पाय दुखत नाहीत. पाय ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी तपासले.

आई गेल्यावर ते पहिल्यासारखेच उठायचे, मैदानाला चकरा मारायचे, पेपर आणायचे. मला वाटलं, निभावलं. मग एकदा पाऊस होता म्हणून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. तरी गेले नाहीत. मग दाढी करणं सुटलं, पेपर सुटला. आता जेवण पुढ्यात ठेवलं की त्याकडे बघत बसतात, एखादं अवघड गणित घातल्यासारखे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाले. पुढे म्हणाले, "जमेल तसं चालतं करा त्यांना." मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम.

तुला माझं काम नीट कधी सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी "उंदीर सांभाळते" म्हणून मोकळी झाले. आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना आधी बरेच दिवस ताणाखाली ठेवतात. ते मरगळतात. साखरेचं पाणी दिलं तरी फिरकत नाहीत. मग काहींच्या पिंजऱ्यात चाक ठेवायचं. उंदीर आपणहून चाकात शिरतो आणि धावतो. कुणी सांगत नाही, कुणी खाऊ देत नाही. पुढे तो पुन्हा साखरेच्या पाण्याकडे वळतो.

का, ते ऐक. ताणात शरीरात एक द्रव्य वाढतं. ते रक्तातून मेंदूत शिरतं आणि तिथे बिघाड करतं. पण जो स्नायू कामात असतो, तो त्या द्रव्याचं रूप बदलून टाकतो. बदललेल्या रूपाला मेंदूत शिरता येत नाही. म्हणजे मांडीत घडलेल्या गोष्टीमुळे डोकं वाचतं. आणखीही बरंच आहे: धावल्याने मेंदूत एक प्रथिन वाढतं, आणि आठवणी राखणाऱ्या भागात नव्या पेशी तयार होतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, असं आमच्या प्रमुख बाई दर बैठकीत बजावतात. पण माणसांनाही फायदा होतो, हे डॉक्टर सांगतातच.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला अप्पांचा आवाज ऐकू आला होता. "घाम आला की मळभ जातं. ऊठ!" तुला वेगळं सांगायला नको.

तर मी कामाला लागले. सकाळी पडदा उघडायचा, पांघरूण काढायचं, बूट घालायचे, हाताला धरून जिना उतरवायचा. पहिल्या आठवड्यात कुंपणापर्यंत गेलो. मी आनंदाने प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ते जिन्यातच बसले. मी म्हटलं, "अप्पा, लोक बघतायत." हे वाक्य कुणाचं, ते तुला माहीत आहे. मग मी पांघरूण काढायच्या ऐवजी ओढायला लागले. मग आवाज चढला. ते फक्त माझ्या हाताकडे बघायचे. गोळ्या लागू पडायला वेळ लागतो, डॉक्टर म्हणाले होते. मला वेळ नको होता. मला ते खिडकीखालून धावताना दिसायला हवे होते.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

आमच्याकडे उंदरांचा आणखी एक गट असतो. त्यांना चाक नाही, फिरता पट्टा. पट्ट्याच्या मागच्या टोकाला हवेची नळी असते. जो थांबतो तो मागे सरकतो आणि त्याच्या अंगावर हवेचा झोत बसतो. बहुतेक धावतात. स्नायू तेच, धावणंही तेच. पण त्यांच्या रक्तात ताणाचं द्रव्य चढलेलं असतं, आणि चाकातल्यांना मिळतं ते यांना दर वेळी मिळतंच असं नाही. एखादा तर धावणंच सोडतो. टोकाला जाऊन बसतो, डोळे मिटतो, आणि झोत अंगावर घेत राहतो. असा उंदीर आम्ही प्रयोगातून काढतो. काढते ती मीच. तो हाताला अगदी हलका लागतो.

आज सकाळी मी पांघरूण ओढलं. अप्पा उठून काठावर बसले. डोळे मिटलेले. मी ओरडतच बूट घालत होते. उजव्याची नाडी बांधली तेव्हा ते हळूच म्हणाले, "उद्या धावतो, सर."

मला वाटलं, भ्रम झाला. घाबरून विचारलं, "अप्पा, मी कोण?"

"अगं, कळतंय मला तू कोण ते," ते म्हणाले. "तो असंच म्हणायचा ना?"

"कोण?"

"तुला माहीत आहे."

मैदानावर सर, घरी अप्पा, हा नियम त्यांचाच. तू सतरा वर्षांचा होतास, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचास, आणि ते तुला ओढत मैदानावर न्यायचे. मग तू घरातही सर म्हणायला लागलास. जेवताना सर, आजारी असताना सर. शेवटी बॅग उचलून निघालास तेव्हाही "येतो, सर." त्या दिवसानंतर अप्पांनी माझ्यासमोर तुझं नाव घेतलेलं नाही. आज पण नाव घेतलं नाहीच.

जरा वेळाने म्हणाले, "मला वाटायचं, टाळतोय. कामचुकारपणा." मग म्हणाले, "पाय उचलतच नाहीत गं. त्याचेही उचलत नसतील."

आणि आडवे झाले.

मी डावा बूट हातात घेऊन तशीच बसून राहिले. दादा, अप्पांनी तुला निरोप दिलेला नाही. देणारही नाहीत. ये असंही मी म्हणत नाही. तू त्या खोलीत पाऊल का टाकत नाहीस, ते आज मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. मी जे ऐकलं ते तुझं होतं, म्हणून तुला पाठवते आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

एक विचारायचं आहे. आई म्हणायची, तू तिकडे गेल्यावर पुन्हा धावायला लागलास. पहाटे, नदीकाठाने, एकटाच. अप्पांना सांगू नको म्हणाली होती. तिने हे खरं सांगितलं, की माझं समाधान केलं? खरं असेल तर पहिल्या दिवशी बूट कसे घातलेस, ते मला कळव. त्यांच्यासाठी मला काहीच सुचत नाहीये. आणि पुस्तकात ते नाही.

ते अजून तसेच पडलेत. बूट काढायला गेले तर पाय आखडून घेतला. राहू दिला. उद्यापासून पांघरूण ओढणार नाही. एवढंच ठरवलंय, आणि याने ते वाचतील का, हे मला खरंच माहीत नाही.

पट्ट्यापाशी उभी असलेली,
तुझी मुंगी

सोमवार, सकाळ

पत्र काल टाकायचं राहिलं. आत्ता अप्पांच्या खोलीत जाऊन आले. उजवा बूट पायात नव्हता. त्यांनीच नाडी सोडून तो काढलाय आणि डाव्याशेजारी ठेवलाय, टाचा भिंतीकडे, आपल्याला शिकवलं होतं तसा. पडदा बंद आहे. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत, जागे आहेत. मी चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही. मी कामावर निघाले आहे, पत्र वाटेत टाकते.